सोयीचे डॉक्टर

सोमवार, २ मार्च

हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला घेतलं. पुढून किराणा, मागून हे. देवापुढे बसून सगळं बोलते, पण तिथे तारखांची नोंद राहत नाही, आणि मला आता तारखा लागणार आहेत.

कोर्टाच्या देखरेख अधिकारी बाई आज घर पाहून गेल्या. बाळला तुरुंगात पाठवलं नाही, ही देवाचीच कृपा. पण अटी आहेत. सूनबाई असेल तिथे फिरकायचं नाही. ती कुठे राहते, कुठे काम करते याचा शोधही घ्यायचा नाही. सहा आठवड्यांत मनाचे डॉक्टर गाठायचे आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचं. घरातल्या एका माणसाने दर आठवड्याला हजेरीच्या कागदावर सही करायची.

ह्यांनी पेपर खाली न ठेवता म्हटलं, "तिच्याकडे द्या. लिहायवाचायची हौस तिला." म्हणून सही माझ्याकडे आली.

"आणि अट मोडली तर?" मी विचारलं.

"तर आत," बाई म्हणाल्या, आणि बाळकडे वळून, "हे तुम्हाला समजलंय ना?"

बाळने मान हलवली. चौतीस वर्षांचा घोडा झाला, पण मान हलवतो ती अजून शाळेतल्यासारखी. बाईंनी त्याला कागदावरच्या नावाने हाक मारली तेव्हा मीच क्षणभर, हा कोण, म्हणून बघत राहिले.

डॉक्टर शोधायचं काम माझं. आजपासूनच लागते.

गुरुवार, ५ मार्च

अधिकारी बाईंनी दिलेल्या यादीतलं पहिलं नाव. डॉक्टरही बाईच आहेत, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. खोलीत दोन खुर्च्या, पण समोरासमोर नाहीत, तिरक्या ठेवलेल्या. आधी आईशी बोलते म्हणाल्या. बाळ बाहेर बसला.

"मुलाने काय केलं? तुमच्या शब्दांत सांगा."

"हात उगारला."

"उगारला, उचलला, की मारलं?"

मी म्हटलं, एकच ना ते. तर म्हणतात, "उगारलेला हात हवेत असतो, आई. तो कुणाला लागत नाही."

मग म्हटलं, ढकललं, ती पडली, हात मोडला. पडल्यावर मोडतोच. त्यांनी लिहून घेतलं, पण माझ्याकडे बघत बघत लिहिलं, ते मला आवडलं नाही. पुढचा प्रश्न, तुमच्या घरात याआधी कुणी कुणावर हात उचलला आहे का. मी नाही म्हटलं. ह्यांचं तीनदा झालं, पण ते फार जुनं, आणि तिसऱ्या वेळी दवाखान्यात ह्यांनीच नेलं होतं. त्याला काही हात उचलणं म्हणत नाहीत.

बाळ आत गेला तो दहा मिनिटांत बाहेर. बसची वाट बघताना म्हणाला, "ती आधीच निकाल लावून बसलीय गं. तिच्यापुढे काय बोलणार?" मलाही तसंच वाटलं. शब्द पकडणाऱ्या बाई. यादीत त्यांच्या नावावर काट मारली. पेन्सिलीने मारली, लागलं तर खोडता येईल.

मंगळवार, १० मार्च

दुसरे. मोठं हॉस्पिटल, तिसरा मजला, लिफ्ट बंद. डॉक्टर म्हातारे, कानांत केस, बोलणं गमतीचं. मी म्हटलं, त्याला रागावरची एखादी गोळी द्या म्हणजे झालं.

"ताई, झोपेची गोळी असते, रक्तदाबाची असते. बायकोला न मारण्याची अजून निघाली नाही. निघाली की पहिली चिठ्ठी तुमच्याच घरी पाठवतो."

मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. त्यांच्याकडे आठ-दहा जण गोल करून बसतात. प्रत्येकाने आपण घरी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी लपवलं तर बाकीचे बरोबर ओळखतात, म्हणे.

बाळचा चेहरा उतरला. घरी येऊन म्हणाला, "असल्या लोकांत मी बसू? तुला चालेल, आई?" नाही चालणार. ते लोक खरोखरचे मारणारे आहेत. काट मारली.

ह्यांचं म्हणणं, "डॉक्टर निवडताय की स्थळं बघताय? हा काळा, तो ठेंगणा."

शुक्रवार, १३ मार्च

टपालाने पुडकं आलं. वर पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत माझा चष्मा! काडी मोडली होती म्हणून सूनबाई दुरुस्तीला देते म्हणाली, पर्समध्ये टाकून घेऊन गेली, आणि त्याच आठवड्यात तो प्रकार झाला. तेव्हापासून मी जुन्या चष्म्याला दोरा बांधून दिवस काढते आहे. सोबत चिठ्ठी, तिचं तेच टपोरं अक्षर. "आई, काडी नवीन बसवली आहे. ओळखीने मला काम मिळालं आहे, बरं चाललं आहे. माझ्याबद्दल कुणाला काही सांगू नका." सांगणार तरी कुणाला? चिठ्ठी पोथीत ठेवली. माझ्यावर तिचा राग नाही असं दिसतं. जीव हलका झाला.

चष्म्याच्या डबीत पुसायचं कापडही होतं, निळं, लोण्यासारखं मऊ आणि चांगलं हातभर. एका चष्म्याला एवढं काय करायचं? कात्रीने दोन तुकडे केले. माझ्या वाट्याला चष्मा घातलेलं घुबड आलं. घुबड म्हणजे अशुभ, पण याचा चष्मा बघून हसूच येतं. दुसऱ्या तुकड्यावर बारीक छापील अक्षरं होती, तो बाळला दिला मोबाईल पुसायला. कुठून आणलंस म्हणाला. चिठ्ठीचं काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, चष्मा दुरुस्त होऊन आला, त्यातलं. त्याने तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, नीट घडी घातली आणि पाकिटात ठेवला.

मोबाईल पुसायचं फडकं पाकिटात! काही सवयी त्याच्या लहानपणापासून अशाच.

सोमवार, १६ मार्च

देवाने ऐकलं. बाळने स्वतःच डॉक्टर शोधले! यादीत नव्हते, पण अधिकारी बाईंना फोन केला, त्यांनी चौकशी करून हो म्हटलं. सकाळी बाहेर पडला तो संध्याकाळी परतला, चेहरा फुललेला. कितीतरी दिवसांनी जेवण मागून घेतलं.

"कसे आहेत डॉक्टर?"

"सोयीचे आहेत."

"म्हणजे स्वभावाने?"

"सोयीचे गं. जागा छान आहे. अगदी रस्त्यावर, पहिला मजला. समोरचं सगळं दिसतं."

जागा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, दोन बस बदलाव्या लागतात. आमच्या मागच्याच गल्लीत एक डॉक्टर आहेत, त्यांचं नाव मी काढलं तर नको म्हणाला. "सोयीचे म्हणतोस आणि दोन बस?" असं विचारलं तेव्हा हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. असो. स्वतःहून लागला आहे, हे महत्त्वाचं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच ते सहा. देवापुढे दिवा लावला.

शुक्रवार, २७ मार्च

ताळा घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा दोष. पाच ते सहा डॉक्टर. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, दोन्ही बस धरून. म्हणजे सव्वाचारला निघावं आणि पावणेसातला घरी यावं. तो निघतो दोनला आणि येतो नऊला. साडेचार तास शिल्लक राहतात. कशात मांडायचे?

विचारलं. म्हणाला, डॉक्टरांनीच सांगितलंय, आधी आणि नंतर एका जागी शांत बसायचं, निरीक्षण करायचं.

"कशाचं निरीक्षण?"

"मनाचं गं, आई. तुला नाही कळायचं."

नसेल कळत. जपाला बसले की मलाही वेळेचं भान राहत नाही. कागदावर सही केली.

मंगळवार, ३१ मार्च

जेवताना ह्यांनी सूनबाईचा विषय काढला. काढायला नको होता. "त्या लांब केसांचीच काय ती मिजास होती" असं काहीतरी म्हणाले. बाळ ताटातून नजर वर न करता म्हणाला, "आता नाहीत लांब. मानेपर्यंत कापलेत. अजिबात शोभत नाहीत."

"तुला काय ठाऊक?"

"अंदाज."

ह्यांनी भात वाढ म्हटलं. मी वाढला. केस कापले असतील असा अंदाज माणूस करेल एक वेळ. पण शोभत नाहीत, हा अंदाज कसा करतात?

मीसुद्धा फार चिकित्सा करते.

सोमवार, ६ एप्रिल

अधिकारी बाईंचा फोन. कागदावर माझ्या सह्या आहेत, पण दवाखान्याचे शिक्के नाहीत. शुक्रवारपर्यंत हवेत. बाळला सांगितलं तर एकदम चढला, "तू कशाला मध्ये तडमडतेस? मी बघतो म्हटलं ना!" आणि टेबलावर हात आपटला. वाट्या नाचल्या. मी मागे सरकत सरकत ओट्याला टेकले, तेव्हा लक्षात आलं की सूनबाई अशीच ओट्याला पाठ लावून उभी राहायची. मला वाटायचं, तिला कंबरेचा त्रास आहे.

लगेच शांत झाला तो. "सॉरी, आई," म्हणाला. त्याच्या डोक्याला ताप नको. परवा बुधवार आहे, त्याचा डॉक्टरांचा दिवस नाही, तेव्हा मीच जाऊन शिक्के मारून आणते. आताच सांगत नाही. काम झालेलं बघितलं की खूश होईल.

गुरुवार, ९ एप्रिल

बाळ आंघोळीला गेला आहे, तेवढ्यात लिहिते. कालचं.

दवाखाना सापडला. खालच्या रस्त्यावर डांबर टाकायचं काम चालू होतं, कडेकडेने गेले. वर बाहेरच्या टेबलाशी बसणाऱ्या मुलीने वही चाळली. "हे होय? नाव नोंदवून गेले आणि पहिल्या मंगळवारी आले होते. त्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. नाव पुकारलं तर म्हणाले, आज नको, नुसता बसतो. त्यानंतर वर आलेच नाहीत."

"पण मी सह्या केल्या आहेत," मी म्हटलं. त्या पोरीला काय त्याचं?

जाऊन त्याच बाकावर टेकले. समोर खिडकी. रस्त्यापलीकडे चष्म्यांचं दुकान, आणि पाटीवर चष्मा घातलेलं घुबड. आत काचेमागे एक मुलगी कुणा आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. केस मानेपर्यंत. ती वळली तेव्हा ओळखलं.

शोभतात तिला.

मग खाली बसस्टॉपकडे नजर गेली. मित्राकडे जातो म्हणून बाळ सकाळी निघाला होता. टोपी घालून स्टॉपच्या बाकावर बसलेला. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरी. मान हलली नाही. ती मान मी तापात बघितली आहे, परीक्षेच्या दिवसांत बघितली आहे. इतकी स्थिर कधी बघितली नव्हती. आणि कापड मी कापलं होतं. अक्षरं होती तो तुकडा मी माझ्या हाताने त्याला दिला होता.

डॉक्टर बाहेर आले. कोवळे आहेत, बाळपेक्षा लहान. "बरं वाटत नाही का? आत या."

"मला काही झालेलं नाही. तो खाली बसलाय ना टोपीवाला, तो माझा मुलगा. आणि समोरच्या दुकानात सून."

त्यांनी एकदाच खाली पाहिलं. कोर्टाचं त्यांना ठाऊक होतं. टेबलावरचा फोन उचलून माझ्यापुढे ठेवला. "मी करू, की तुम्ही?"

"मीच करते."

दुकानाचा नंबर पाटीवरच होता. तीच बोलली. मी म्हटलं, "सूनबाई, मी." तिने आवाज ओळखला. मग म्हणाली, "थांबा, दुसऱ्या कानाला लावते. डाव्याने ऐकू येत नाही आता."

पडल्यावर हात मोडतो. कान जात नाही.

"रस्त्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "समोर बसस्टॉपवर तो आहे. तीन आठवडे येतोय. दुकानाला मागचं दार आहे का?"

"आहे." मग अगदी हळू, "आई, तुम्ही त्याच्याबरोबर आलाय का?"

हा प्रश्न तिला का पडला ते मला कळलं. "नाही गं. समोरच्या दवाखान्यातून बोलतेय."

"त्याला पत्ता कुणी दिला?"

"मी."

पुढे काही सांगायला मिळालं नाही. वरून दिसत होतं. तिने हातातली फ्रेम ट्रेमध्ये जागेवर ठेवली, मालकांना काही सांगितलं आणि आत गेली. रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. सवय असल्यासारखी गेली.

मग अधिकारी बाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या सह्या खोट्या आहेत. करताना मला ठाऊक नव्हतं, आता आहे. त्यांनी सूनबाई सुखरूप आहे ना ते आधी विचारलं. तिच्याकडे माणूस पाठवते म्हणाल्या, पण ह्याला पकडायचा हुकूम हातात यायला उद्याची दुपार होईल. "तोवर नेहमीसारखं वागा. त्याला काही कळू देऊ नका. आणि त्याच्याबरोबर घरात एकट्या राहू नका." हे त्या मला माझ्या मुलाबद्दल सांगत होत्या, आणि मी हो म्हटलं.

काल तो सहालाच घरी आला. "आज कुठे गेली होतीस?"

"देवळात."

त्याने दाराशी बघितलं. "देवळाच्या रस्त्यावर डांबर टाकतायत का?" माझ्या चपलांच्या कडेला काळं लागलं होतं.

"टाकतायत वाटतं."

"हो का." मग रॉकेलचा बोळा घेऊन खाली बसला आणि माझ्या दोन्ही चपला पुसून काढल्या. सावकाश, शिलाईच्या फटीतसुद्धा. जन्मात कधी माझ्या चपलेला हात लावला नव्हता.

नळ बंद झाला. ठेवते.

शनिवार, ११ एप्रिल

मंगळवारी पाचची वेळ त्या कोवळ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी लिहून घेतली आहे. तुमच्यासाठी, असं दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा मला कळलंच नाही कुणासाठी ते.

परवा सकाळभर बाळ स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसून होता. एरवी तिकडे फिरकत नाही. दुपारीही तिथेच. मी रात्रीची भाजी चिरत होते, तो बघत होता.

"आई, एखाद्या दुकानात फोन येतो आणि एखादं माणूस मागच्या दाराने पळून जातं. फोन कुणी केला असेल?"

"कुठल्या दुकानात?"

"तूच सांग."

विळी बाजूला सारली. तेवढ्यात ह्यांनी बाहेरून चहा मागितला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण ह्यांच्या हुकमाने इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. चहा नेऊन दिला आणि तिथेच, ह्यांच्या खुर्चीशेजारी बसून राहिले. ह्यांनी विचित्र नजरेने पाहिलं. बाळ दारात येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बेल वाजली.

"आई, बघ गं कोण आहे," तो म्हणाला.

मी जाऊन कडी काढली. अधिकारी बाई आणि दोन पोलीस. बाळने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू?" आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं आपटेल, ओरडेल. ओरडले हे. "स्वतःच्या पोराला!" म्हणत माझ्यावर धावून आले. अधिकारी बाई मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून हात उगारलेलाच राहिला. बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांना लिहू दिलं.

बाळ शर्ट बदलतो म्हणाला, पोलिसांनी बदलू दिला नाही. पाकीट काढून घेतलं. त्यात निळा तुकडा होता, तो त्यांनी एका लिफाफ्यात घालून बंद केला आणि मला सही करायला सांगितली, याच घरातली वस्तू आहे म्हणून. केली. ही खरी होती.

दारात चपलांत पाय सरकवताना तो म्हणाला, "येतो, आई." एरवी बाहेर जाताना म्हणतो तसंच, सरळ, हसून. माणूस घरातून निघालं की आपण "ये" म्हणायचं असतं. त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून मी कधी चुकले नाही. तो उंबऱ्यात थांबला. पोलिसाने दंडाला धरलं तरी थांबला, वाट बघत राहिला. मी दाराच्या कडीला हात लावून उभी होते. बोलले नाही.

"येतो म्हटलं," तो म्हणाला.